दुपारची विहीर

अकरावी गाठ ओली होती. दहावी कोरडी. चिमटीत दाबली तसं पाणी मनगटावर ओघळलं, तरी तिनं दोर पुन्हा मोजला — मीटरागणिक एक गाठ, स्वतःच मारलेली, चुकणार कशी? सकाळी विहिरीचं पाणी सात मीटरवर होतं. तिच्या हिशेबानं संध्याकाळपर्यंत नवावर जायला हवं होतं. आता कुठे एक वाजतोय, पंप चौदावर लटकतोय आणि ऊन अजून पाच तास...

तिनं बसवलेली सौर पॅनेलं बरोबर होती. पाइप, पंप, टाकीत पडणारी मनगटाएवढी धार — सगळं बरोबर, याबद्दल तिच्या मनात तसूभरही शंका नव्हती. मग?

"बाई, इंजिन नेऊ ना?" ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीतल्या डिझेल इंजिनावर थाप मारली. "भंगारवाला पाचला दुकान बंद करतो."

इंजिन गेलं आणि धार तुटली, तर उद्या गावाला पाणी कुठून?

बारा वर्षं ते इंजिन चालवणारी मावशी कठड्याला टेकून उभी होती. "रोज दोन तास चालवायचे मी, तेही सकाळी. दुपारी ही विहीर सुस्तावते गं, झरे मंदावतात तिचे."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"तू विचारलंस कुठे? तीन महिने उजाडता यायचीस, वहीत डोकं घालायचीस. चहासुद्धा मोजून प्यायचीस!"

तीन महिने. नव्वद मापं, सुबक तक्ते — आणि प्रयोगशाळेतले सर, चष्मा कपाळावर चढवून: एकाच वेळेची नव्वद मापं म्हणजे एकच माप... तेव्हा मी हसले होते. आणि इथे रात्रभर निजून उठलेल्या विहिरीची ताकद मोजत बसले, तीही रोज.

"इंजिन उतरवा," ती म्हणाली.

"म्हणजे तुमचा पंप फसला?"

"पंप चोख आहे. विहीर मला अजून कळलेली नाही."

बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली — वर्गात उत्तर चुकलं की मान तापायची, तशी आता तापेल. तापली नाही. ट्रॅक्टरवाला पुटपुटत दोऱ्या सोडू लागला, मावशी पदरानं वारा घेत होती. तिनं वहीचं कोरं पान काढलं, पण लिहिलं काहीच नाही. दोनला किती असेल? तीनला? काही अंदाज बांधवेना... कठड्यावरून ती खाली वाकली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या काळ्या पाण्यात ती स्वतःचं उत्तर शोधत नव्हती, नुसती बघत होती.