सिनेमातली बाई काय म्हणाली

चिंचा फोडायला बसलं की वेळ जाता जात नाही, म्हणून प्रियांकानं तो फ्रेंच सिनेमा लावला होता. मोबाईल तांब्याला टेकवलेला. खाली इंग्रजीत उमटणारी अक्षरं वाचून ती सासूला, धुरपताबाईंना, आणि नणंदेला, राणीला, मराठीत सांगत होती. इंग्रजी घेऊन बी.ए. केल्याचा पेडगावात एवढाच उपयोग उरला होता.

सिनेमात लग्नघर होतं. दहा-बारा माणसं, आणि प्रत्येकाचं मन भलतीकडंच अडकलेलं. कोण कुणाच्या मागं लागलंय हे धुरपताबाईंना सांगावंच लागेना. जेवणाच्या टेबलावरून न उठणाऱ्या जाड्या मामाला त्यांनी गल्लीतल्या मुंजाजीचं नाव देऊन टाकलं, तशी राणी चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

चार महिन्यांपूर्वी राणीच्या नवऱ्यानं, रविकांतनं, तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून ती माहेरीच होती. घर दोन खोल्यांचं. आतली खोली राणीला दिल्यापासून प्रियांका आणि तिचा नवरा हरिओम लेकराला घेऊन स्वयंपाकघरात निजत. सहा महिन्यांच्या भक्तीचा खोकला हटत नव्हता. फोडणीचा ठसका बसला की प्रियांका तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत बसायची.

शेवटी सिनेमातली एक उतारवयाची बायको भर पंगतीत उभी राहिली. नवरा माफी मागत होता. ती म्हणाली, मी तुला माफ केलं, पण तुझ्यासोबत आता राहणार नाही. प्रियांकानं अक्षरं वाचली, सासूकडं पाहिलं आणि सांगितलं, "म्हणली, माफ केलं." पुढचं तिनं गिळलं. माझ्या लेकीच्या कानात काही भरू नको, असं सासूनं एकदा बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी राणीनं पिशवी भरली. दुपारी रविकांत आणि त्याचे चुलते पंडितराव पूर्णेहून न्यायला येणार होते. जायचं की नाही, ते घरच्यांनी राणीवर सोडलं होतं. तसल्या शिकल्या-सवरल्या देशातल्या बायका माफ करतात, मग आपण कोण लागून गेलो, असं ती आईला सांगत होती. धुरपताबाई तिच्या ओटीसाठी गहू निवडत होत्या.

प्रियांका लेकराला पाजत बसली होती. सासूचा धाक खरा होता. पण तेवढाच नव्हता, हे तिचं तिला ठाऊक होतं. काल ते वाक्य गिळताना रिकामी झालेली आतली खोली तिच्या डोळ्यांपुढं आली होती.

"ताई," ती म्हणाली, "काल मी अर्धंच सांगितलं. माफ केलं म्हणली ती. पण तुझ्यासंगं राहणार न्हाई, असंबी म्हणली."

धुरपताबाईंचा सुपातला हात थांबला. राणी पिशवीजवळ खाली बसली.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "नांदायला निघालेल्या बाईचं तोंड तसं नसतंय."

धुरपताबाई सुनेकडं बघत राहिल्या. आता बोलणी बसणार म्हणून प्रियांकानं लेकराला छातीशी ओढलं.

"तिची आई दावली का त्यात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

"हिची हाय," म्हणत त्या उठल्या. गहू डब्यात ओतले, चहा तेवढा ठेव, सैपाक नको, असं सांगितलं आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

पाव्हणे आले. रविकांत नीट बोलला, सासूच्या पायाही पडला. पंडितराव, चार माणसांत हसू होतंय, हे दोनदा म्हणाले. लेकीचं मनगट अजून धुणं पिळू देत नाही, एवढंच धुरपताबाई बोलल्या. मग राणी दारात आली.

"मी येत न्हाई," ती म्हणाली आणि आत वळली.

ओसरीवरचं बोलणं चढत गेलं, मग उतरलं. स्वयंपाकघरात प्रियांका चहाजवळ उभी होती. राणी तिच्या बाजूला येऊन थांबली.

"वैनी, सासूच्या भ्यानं गिळलं का खोलीपायी?"

प्रियांकाला यातलं कुठलंही उत्तर देता आलं असतं. भक्ती खांद्यावर खोकत होती.

"दोन्हीपायी," ती म्हणाली.

राणी आतल्या खोलीत गेली. पिशवी ओढत आणली, कपडे काढले, आणि एकेक करून स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळीच्या डब्यांशेजारी लावायला लागली. नको ताई, असं म्हणायला प्रियांकाचं तोंड उघडलं. पण तिनं डाळीचे डबे थोडे सरकवून जागा केली.