कौतुक मोजणारी पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्टीने तुम्ही रेघा मारता आणि मधल्या सुट्टीत तलवारबाजीही करता, हे मला ठाऊक आहे. माझं काम जरा निराळं होतं. मी कौतुक मोजत असे.

कारखान्यात माझ्या अंगावर एकेक रेघ कोरली गेली. तेव्हा कारागिराचा हात जरा जरी हलला असता, तर मी जन्मभर खोटं बोलले असते. पण तो हलला नाही. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

तिथून मी लहान मुलांच्या तीनचाकी सायकली बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागात आले. लोक आपल्या सायकलींबद्दल काय लिहितात, यावर नजर ठेवणं हे या विभागाचं काम. विभाग कसला, एक लांबट खोली! दोन टेबलं, खिडकीत गोंदाची बाटली आणि दाराशी दर नव्या खेपेतली एक, नमुन्याला ठेवलेली लाल सायकल. एका टेबलाशी साहेब बसत, दुसऱ्याशी बाई.

बाई रोज सकाळी सतरा वर्तमानपत्रं चाळत. सायकलींविषयी काही छापून आलं असलं, की त्याचं कात्रण कापत आणि मला त्यावर ठेवून मजकुराची लांबी वहीत लिहीत. कौतुक हिरव्या पेन्सिलीने, टीका लाल पेन्सिलीने. महिना संपला की बेरीज.

"साहेब, कौतुक चारशे दहा सेंटिमीटर. टीका नऊ."

"वा! बाई, तुमची पट्टी भाग्याची आहे हो!"

हे ऐकून मी मनातल्या मनात फुगत असे. संध्याकाळी बाई मला रुमालाने पुसून खणात ठेवत. माझी फार चांगली वर्षं होती ती.

मग वर्तमानपत्रं कमी झाली आणि बाईंच्या टेबलावर संगणक आला. लोक आता इंटरनेटवर स्वतःच लिहू लागले होते. त्या लिखाणाला ब्लॉग म्हणत. आपली रोजनिशी कुणीही वाचावी म्हणून चौकात उघडी ठेवावी, तसा तो प्रकार. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "बाई, ब्लॉगही बघत जा. पण ज्यांना वाचक आहेत, तेवढेच."

एके सकाळी बाई वाचता वाचता थांबल्या. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने लिहिलं होतं, "माझी लेक चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात चालत्या सायकलीचं हँडल निखळलं आणि ती तोंडावर आपटली. हनुवटीला तीन टाके पडले. मी कंपनीला दोन पत्रं पाठवली. दोन्ही वेळा एकच छापील उत्तर आलं, की सायकल जपून वापरावी."

बाईंनी सवयीने मला उचललं आणि पडद्याला टेकवलं. पण मजकूर वर सरकला आणि खालून आणखी आला. मी पार गोंधळले.

"अहो बाई, पडद्याला पट्टी लावताय?" साहेब हसायला लागले. "आता गोंदही लावणार की काय?"

"हसू नका साहेब. आधी हे वाचा."

साहेबांनी वाचलं. खाली वाचकांचा आकडा होता, अकरा.

"अकरा? अहो, माझ्या लग्नात याहून जास्त माणसं नुसती नावं ठेवायला आली होती! सोडून द्या. त्यानेच नट नीट आवळला नसेल."

"घड्याळं दुरुस्त करतो तो, साहेब. त्याला नट आवळता येत नाही?"

"बरं, मग वहीत काय लिहिणार? किती सेंटिमीटर?"

बाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला घेऊन त्या तडक दाराशी गेल्या. "आई गं" म्हणत गुडघे टेकून लाल सायकलीपाशी बसल्या. हँडल हलवून पाहिलं. ते डुगडुगत होतं. त्यांनी सायकलींच्या कारखान्यातून फोरमनना बोलावून घेतलं. फोरमननी बोल्ट काढला आणि मला त्याच्याशी लावलं.

"पाच मिलिमीटर आखूड आहे," ते हळूच म्हणाले. "नटाच्या बाहेर आटे दिसायला हवेत. हा आतच संपतोय. भलत्याच मापाच्या बोल्टांची पेटी वापरली गेली. अख्खी खेप गेली असेल बाहेर."

मित्रांनो, चारशे सेंटिमीटर कौतुक मोजताना मला कधी ओझं वाटलं नव्हतं. त्या पाच मिलिमीटरला मात्र मी शहारले. किती अंगणांत, किती गच्च्यांवर या सायकली फिरत असतील!

साहेबांचा चेहरा उतरला. ते संगणकाशी बसले आणि ब्लॉगखाली उत्तर लिहू लागले, "आमची कंपनी गुणवत्तेबाबत सदैव जागरूक..."

"खोडा ते," बाई म्हणाल्या. "मुलगी कशी आहे, ते आधी विचारा."

साहेबांनी चष्मा पुसला. सगळं खोडलं. मग लिहिलं, "तुमची लेक आता कशी आहे? चूक आमची आहे. बोल्ट आखूड आहे. नवा बोल्ट लागेपर्यंत तिला या सायकलवर बसू देऊ नका."

हेच मग साहेबांनी सगळ्या वर्तमानपत्रांना कळवलं आणि ते छापून आलं. त्या महिन्यात बाईंची लाल पेन्सिल निम्मी झाली. टीका दोनशे सोळा सेंटिमीटर! वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांना तीनदा बोलावून झाडलं.

अहवालावर सही करताना साहेब म्हणाले, "बाई, एवढं लाल मी जन्मात पाहिलं नव्हतं."

"पण नवा टाका एकही नाही, साहेब."

साहेबांनी सही केली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. आता कोण काय लिहितं, ते संगणकच मोजतो. क्षणात हजारो ब्लॉग चाळतो, हिरवे-लाल आकडे मांडतो. मी खणात पडून असते. कडेने थोडा गंज चढलाय. त्या संगणकाचा मला राग नाही, मोजण्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. पण मोजून झाल्यावर उठून सायकलीपर्यंत चालत जायला माणूसच लागतो.

तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी खुर्चीवर बसाल, पुढ्यात आकडे येतील. त्यात कुठेतरी अकरा वाचकांचा एखादा बाप असेल. त्याच्यासाठी तेवढं उठाल ना?