मापात न येणारी खोली

बोट धरणाच्या मधोमध असताना वारा सुटला आणि वाल्मीकरावांनी कठडा घट्ट धरला. जन्मभर मुंबईच्या बंदरात जहाजांची मापं घेतलेला माणूस, आता नाशकात नात सांभाळणारा. त्याने एवढ्याशा लाटांना भ्यावं म्हणजे लाजच. पण भीती लाटांची नव्हती. मागच्या डेकवर त्यांना हातभर चौकोनी भोक दिसलं होतं. वर नुसत्या सुट्या फळ्या, ना कडी, ना रबर. आणि खालच्या खोलीत आठ वर्षांची वेदिका मैत्रिणींबरोबर खेळत होती.

"राकेश, हे भोक कशाला रे?"

बोटवाला राकेश सुकाणूवरून हसला. "तात्या, इसरले का? तुम्हीच सांगितलं व्हतं ना, भोक ठेवलं की खालची खोली बंदिस्त धरत नाय, मापात येत नाय. बोट कागदावर लहान राहती, मोठ्या बोटीचे नियम लागत नाय. गेल्या महिन्यात कापून घेतलं."

वाल्मीकरावांना तो दिवस आठवला. सांगितलं होतं खरं. चहाच्या टपरीवर, फुशारकी मारत, जुने जहाजमालक सरकारला कशी टोपी घालायचे ते. जिभेला हाड नसतं! गोष्ट रंगली आणि उरलेली अर्धी कंटाळवाणी म्हणून त्यांनी गिळून टाकली. असलं भोक वादळात जिवावर बेतायचं. पुढे जगभरच्या देशांनी मिळून मोजायची रीतच बदलली. भोक असो नसो, बंदिस्त जागा मापात धरायची. त्यालाही आता चाळीस वर्षं झाली.

लाट डेकवर चढली. एक फळी सरकली आणि पाणी भळाभळा खाली गेलं. खालून किंचाळ्या आल्या.

"पोरींना वर काढ! बोट काठाला घे!" वाल्मीकराव ओरडले आणि फळ्यांवर पालथे पडले. दुसरी लाट त्यांच्या पाठीवरून गेली. छातीखालून वेदिकाचा आवाज आला, "आजोबा, पाणी येतंय!"

"जिन्याने वर ये, बाळा! पळ!" त्यांना रडू फुटलं. आयुष्यात इतके ते कधी घाबरले नव्हते.

पोरी वर आल्या, भिजलेल्या, थरथरत. बोट काठाला लागली.

"चुकलं माझं, तात्या," राकेशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुझं नाही रे. मी अर्धीच गोष्ट सांगितली."

वेदिका त्यांची बोटं फळीवरून सोडवू लागली. "उठा ना आजोबा, आलो आपण."

ते उठले नाहीत. "राकेश, आधी हातोडी आणि खिळे आण," ते म्हणाले. "मग उठतो."