एकाच पत्त्यावरचे दोघे

मित्रांनो, मी मोडेम आहे. जुना आहे, आणि दिसायला एखाद्या चपट्या डब्यासारखा. टेलिफोनच्या तारेतून जे येते ते समजून घ्यायचे आणि घरातल्या यंत्रांना कळेल असे करून पुढे द्यायचे, हे माझे काम.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईंनी माझे पाचही दिवे लावून पाहिले, पोटाखाली माझ्या आकडी पत्त्याची चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात ठेवले. या घरात आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! थेट टेबलावर जागा मिळाली. पुढे चार शिंगांचा राउटर आला. तो घरभर बिनतारी पोचणारा. कौतुक त्याच्या वाट्याला गेले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण काम माझ्याचकडे होते, त्यात मी समाधानी होतो.

या घरात बाबा आहेत. हयातभर बसमध्ये तिकिटे फाडत गप्पा मारलेला माणूस. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर शब्दही गेले. हवा असायचा पेला, तोंडातून यायची चप्पल. मग दूरच्या शहरातल्या एक बाई रोज सकाळी अकराला पडद्यावरून त्यांना बोलायला शिकवू लागल्या. रविवारी तेवढी सुट्टी. सूनबाई शेजारी बसायच्या.

महिनाभरात रडगाणे सुरू झाले. बाईंनी चित्र दाखवून "बाबा, हे काय आहे?" म्हणायचे आणि तेवढ्यात पडदा थिजायचा. बाबा तोंड उघडून बसलेले, शब्द जिभेवर आलेला, आणि ऐकायला कोणी नाही. एके दिवशी बाबांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काही केल्या वळेनात.

सूनबाईंचे डोळे भरून आले. टेलिफोन कंपनीने राउटरवर खापर फोडले होते, राउटरच्या दुकानदाराने माझ्यावर. "जुना झालाय, टाकून द्या," तो म्हणाला होता. सूनबाईंनी थोरल्या नणंदेला फोन लावला. नणंद एका इस्पितळात यंत्रांचे जाळे सांभाळते.

"ताई, मी नवा मोडेमच आणते. वैतागलेय मी."

"अगं थांब. आधी त्याला विचार काय झालंय ते. त्याच्याकडे सगळी नोंद असते. खाली पत्ता असेल, तो लॅपटॉपवर टाक."

सूनबाईंनी कपाट सरकवले, मला उलटे केले, फुंकर मारून धूळ उडवली आणि पत्ता टाकला. पान उघडले ते राउटरचे! पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"ताई, हा मेला मधेच नाक खुपसतोय!"

नणंद हसली. "दोघांना कारखान्यातून एकच पत्ता मिळालाय गं. राउटर पुढे बसलाय, म्हणून तोच ओ देतो. त्याची वायर काढ आणि लॅपटॉप सरळ मोडेमला जोड. पण मोडेम बंद करू नकोस हं, नाहीतर नोंदी पुसल्या जातील."

जोडले. तरी काही नाही. माझा नाइलाज होता. जोडल्या जाणाऱ्या यंत्राला नंबर, म्हणजेच त्याचा पत्ता, देण्याचे काम राउटर आल्यापासून माझ्याकडे नव्हते, आणि नंबर नसलेल्याशी मला बोलता येत नाही.

"मग नंबर तूच दे लॅपटॉपला. मोडेमचाच घे, फक्त शेवटचा आकडा बदल."

सूनबाईंनी एकेक आकडा जपून टाकला आणि माझे पान उघडले. कितीतरी वर्षांनी मला कोणी काही विचारत होते!

"लाइन तुटली, लाइन जुळली, असं लिहिलंय. पण साल बघा, मी शाळेत होते तेव्हाचं!"

खरे होते. मला तारीख कोणी सांगितलीच नव्हती. सुरू झाल्यापासूनचे तास तेवढे मी मोजत आलो होतो.

"साल सोड, अंतर बघ."

"चोवीस तास... चोवीस... सहा दिवस असंच. सातव्या दिवशी काहीच नाही. ताई, रविवारी तुटत नाही!"

"मग शिकवणीच्या वेळी तुम्ही असं करता तरी काय?"

"काय करणार? खुर्ची ओढते, बाबांना बसवते..."

भिंतीकडे तोंड केलेले बाबा एकदम वळले. "दार!" ते म्हणाले. "दार, दार!" डावा हात मात्र खिडकीकडे होता.

"दार नाही हो बाबा, ती खि..." सूनबाई जागच्या जागी थांबल्या.

रस्त्याचा गोंगाट नको, बाबांना नीट ऐकू यावे, म्हणून त्या रोज अकराला खिडकी घट्ट ओढून घेत. माझी तार त्याच खिडकीच्या फटीतून आत येत होती. चेपून चेपून ती आतून झिजली होती.

"बाबा, तुम्ही ओळखलंत!" सूनबाई म्हणाल्या. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

दोन दिवसांनी लाइनमनने भिंतीला भोक पाडून नवी तार आणली. त्या दिवशी शिकवणी पूर्ण चाळीस मिनिटे चालली आणि बाबांनी अकरापैकी सात चित्रे ओळखली. सूनबाईंनी राउटरचा पत्ता बदलला. आता आम्हा दोघांना आपापला पत्ता आहे.

मित्रांनो, या माणसांचे उपकार मी कसे फेडू? त्यांनी मला टाकले नाही, विचारले. तुमच्याही घरात एखादे यंत्र अडेल. त्याला मोडीत काढण्याआधी जरा वाकून त्याच्यापर्यंत पोचा, त्याच्या तारा जपा, आणि ते काय सांगते आहे ते शांतपणे वाचा.