भिंगरी हजर आहे

"मुलं मला बाई म्हणतात, आणि ही अचानक मॅडम म्हणायला लागलीय," दुसरीच्या बाई फोनवर म्हणाल्या. "तुम्हाला वेडेपणा वाटेल ताई, पण मला खटकतंय."

हजेरीताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. "कोण?"

"भिंगरी."

शाळा पडद्यावरची होती. वर्ग नव्हते, घंटा नव्हती. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कार्यालय तेवढं होतं. शिक्षिका आपापल्या घरून शिकवत आणि मुलं आपापल्या घरून शिकत, निदान तसं धरून चालत. सकाळी वर्ग सुरू झाले की एकेका नावापुढे हिरवा ठिपका उमटे. ज्याच्यापुढे उमटला नाही त्याच्या घरी फोन करायचा, फोन उचलला नाही तर दार वाजवायचं, हे हजेरीताईंचं काम. त्याआधी त्यांनी विटामातीच्या शाळेत कारकुनी केली होती. ती शाळा बंद पडली तेव्हा त्या इकडे आल्या. "पूर्वी पोरं घरातून निघून पळायची, आता घरात बसून पळतात," असं त्या नवऱ्याला सांगत, आणि तो म्हणे, "आणि तू अजूनही त्यांच्या मागेच."

भिंगरी मात्र कधी पळाली नव्हती. वर्षाच्या सुरुवातीला ती फिरत्या खुर्चीवर बसून गरगर फिरायची. बाई शिकवतायत आणि पडद्यावर एकदा तोंड, एकदा वेणी. म्हणून बाईंनीच तिचं नाव भिंगरी पाडलं. पुढे कधी तरी तिचा कॅमेरा बंद झाला. वडिलांनी कळवलं, बिघडलाय, दुरुस्त करतो. मग आवाजही गेला. उत्तरं लिहून येऊ लागली. ठिपका रोज उमटत होता, तोही सगळ्यांच्या आधी.

"काल मी विचारलं, कुणाकुणाचे दात पडलेत?" बाई सांगत होत्या. "सगळी आ वासून दाखवायला लागली. आणि हिचं उत्तर काय, तर 'होय मॅडम'. सात वर्षांचं पोर असं लिहितं का हो?"

हजेरीताई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे शाळेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण डोक्याला ताप नको असायचा. "हजर आहे ना ती?" ते म्हणाले. "मग? आपल्याकडे गैरहजर काय कमी आहेत? जी येते तिच्या घरी जाऊन काय विचारणार, का येतेस म्हणून?"

बोलणं रास्त होतं. हजेरीताई जागेवर येऊन बसल्या. भिंगरीच्या वडिलांना त्यांनी फोन लावला. मागे इंजिनाचा आवाज येत होता. ते मालाची छोटी गाडी चालवत.

"मुलीशी दोन शब्द बोलायचं होतं."

"ती वर्गात आहे मॅडम."

"आणि तुम्ही?"

"मी गाडीवर."

"मग फोन तुमच्याकडे, तर ती वर्गात कशावरून बसलीय?"

इंजिन बंद झालं. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "दुसरा फोन आहे ना घरी," आणि फोन बंद झाला.

तो मऊपणा हजेरीताईंच्या कानातून जाईना. दुपारी, कुणाला न सांगता, त्यांनी चपला घातल्या.

इमारत जुनी पण झाडलेली होती. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक सज्जा आणि ओळीनं दारं. भिंगरीच्या दाराला बाहेरून कडी होती, कडीला कुलूप. कडी नवी होती. तिच्याभोवतीचा रंग खरवडलेला, लाकडाचा भुसा अजून फटीत अडकलेला.

पलीकडच्या दारातून एक शेजारीण ओले हात पुसत बाहेर आली. "ते नसतात हो दिवसा."

"मुलगी?"

"तिला आजीकडे ठेवलंय म्हणाले. बायको सोडून गेली, एकटा माणूस काय करणार? सरळ आहेत बिचारे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

हजेरीताईंनी मान हलवली, तरी दार वाजवलंच. एकदा. मग पुन्हा. त्या वळणार, एवढ्यात आतून खुर्ची सरकल्यासारखं झालं.

शेजारणीचे हात पुसता पुसता थांबले.

"भिंगरी?" हजेरीताई दाराला तोंड लावून म्हणाल्या. "मी शाळेतली हजेरीताई."

बऱ्याच वेळानं खालून, पार उंबऱ्यापाशी आवाज आला. पोर जमिनीवर आडवी पडून फटीतून बोलत होती. "शाळा तर बंद झाली."

"कोण म्हणालं?"

"बाबा. सगळी मुलं गेली ना. बाई पण गेल्या."

"बाई आहेत गं. तुझी रोज आठवण काढतात. तू दिवसभर काय करतेस?"

"झोपते." शब्द जड, एकमेकांना चिकटलेले येत होते. "खोकल्याचं औषध घेतलं की झोप येते."

"खोकला झालाय तुला?"

"नाही."

हजेरीताई तिथेच फरशीवर बसल्या. बसल्यावर आवाज फटीतून नीट जाऊ लागला. त्यांनी पोलिसांना फोन केला, पत्ता सांगितला, आणि मग पोरीशी बोलत राहिल्या. ती झोपू नये एवढंच त्यांना हवं होतं. कुणाचा दात पडला, बाईंच्या घरातलं मांजर वर्ग चालू असताना कसं पडद्यासमोर येऊन बसलं, काय सुचेल ते. मधेच ती हसली. मधेच बराच वेळ गप्प झाली, तेव्हा हजेरीताईंनी दारावर तळवे आपटले आणि शेजारणीनंही आपटले.

पोलिसांच्या आधी तोच आला.

जिन्यात पावलं वाजली, तीही सावकाश. एका हातात दुधाची पिशवी होती, दुसऱ्या हातात किल्ली. फरशीवर बसलेल्या बाईकडे त्यानं पाहिलं आणि तो चिडला नाही.

"मॅडम, हजेरी तर मी रोज लावतो," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

"दार उघडा."

"आत्ता झोपली असेल. उगाच कशाला उठवता?"

"दार उघडा."

"तिची आई उघड्या दारातून गेली," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू गाडी लावण्याच्या जागेवरून वाद चालला होता. "मी आंघोळीला गेलो होतो. दार उघडं होतं. एवढीच माझी चूक झाली. ती मी परत करणार नाही."

तो एक पाऊल पुढे आला. हजेरीताईंना उठता येईना. गुडघे आखडले होते. शेजारीण येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. ती तिथून हलली नाही. मग आणखी एक दार उघडलं, मग आणखी एक. त्यानं सज्जाभर नजर फिरवली, दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली आणि कुलूप काढलं.

आत खिडकीला आतून फळ्या मारल्या होत्या. भिंगरी उंबऱ्यापाशी तशीच पडली होती, गाल फरशीला टेकलेला. हजेरीताईंनी उचललं तेव्हा ती अंगानं इतकी हलकी लागली, की त्यांना आधी धसकाच बसला.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. पोर दवाखान्यात राहिली, बरी झाली, मुलांच्या एका संस्थेत गेली. संस्था कुठली, हे वडिलांना कळू द्यायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला. संस्थेतून ती आपल्याच वर्गात पुन्हा बसू लागली. कॅमेरा चालू असे. साहेबांनी सगळ्या शिक्षिकांसमोर हजेरीताईंचं कौतुक केलं आणि त्यांना ते ऐकवेना. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "पोर वाचवलीस, तर तोंड असं का?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. अजून संपल्यासारखं वाटत नाही."

एका सकाळी भिंगरीचा बाप कार्यालयात आला. जामिनावर सुटला होता. दाढी वाढलेली, सदरा मात्र इस्त्रीचा. साहेब बाहेर गेले होते.

"भेटायला मागत नाही," तो म्हणाला. "बोलायलाही नाही. फक्त वर्गात बसलेली एकदा दाखवा. आवाज बंद ठेवा, चालेल."

"मला परवानगी नाही."

"माहितीय मला." तो भिंतीला टेकून उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसत नव्हता.

हजेरीताईंनी स्वतःला आवरलं. पण थोड्या वेळानं त्यांचा हात पुढे झाला आणि पडदा जरासा वळला. इतका जरासा, की वळवला असं म्हणताच येऊ नये.

भिंगरी पुस्तक धरून वाचत होती. ओठ हलत होते. पुढचा एक दात नव्हता.

त्यांनी हळूच त्याच्याकडे पाहिलं. बापाचा चेहरा बघायचा होता त्यांना. तो मुलीकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यामागे खिडकी होती, खिडकीत पाण्याची उंच टाकी आणि तिच्या बाजूला वळत गेलेला पूल. दिवसभर रस्ते तुडवणारा माणूस. त्यानं मान किंचित कलती केली, एखादं वळण आठवताना करतात तशी. डोळे आता कोरडे होते.

"येतो मॅडम," तो म्हणाला. जिना उतरताना तो धावत होता.

हजेरीताईंनी संस्थेत फोन लावला. "फाटक लावून घ्या," त्या म्हणाल्या. "तिचे वडील निघालेत."

"त्यांना कसं कळलं?" अधीक्षिकेनं विचारलं.

"मी दाखवलं."

"हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल."

"देते."

गाडी खरंच आली होती. फाटक बंद होतं, रखवालदार हातात फोन घेऊन उभा होता. गाडी थोडा वेळ समोर थांबली आणि निघून गेली. पोलिसांना ती त्या दिवशी सापडली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

हजेरीताईंची चौकशी लागली. ती होईपर्यंत काम चालूच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरू झाले, ठिपके उमटू लागले. संस्थेतली भिंगरीच्या मागची ती खिडकी आता जाड पडद्यानं झाकलेली होती. खोलीत इतका अंधार, की तिचा चेहरा म्हणजे नुसता एक करडा गोल दिसत होता.

"अगं, दिवा लाव," दुसरीच्या बाई म्हणाल्या. "दिसत नाहीस आम्हाला."

"नको," भिंगरी म्हणाली. "असंच बसायला सांगितलंय."