खुर्चीमागची जागा

धाकटीच्या पायाला भिंगरीच होती. नर्सिंगचं शिक्षण रक्त बघून अर्ध्यावर सुटलं, औषधांच्या दुकानात मन रमेना, कुरिअरच्या ऑफिसातून तर ती साहेबाशी भांडून निघाली. शेवटी थोरल्या बहिणीने तिला आपल्या सलूनमध्ये ओढलं. "निदान डोकी तरी नीट धू," ताई म्हणाली, आणि काय आश्चर्य, धाकटी तिथे रुळली.

फोनने मात्र जीव नकोसा केला होता. हाताला फेस आणि घंटा सुरूच. एकाच वेळेला दोघीजणी येऊन बसत, मग ताईची त्रेधा उडे. नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक प्रोग्रामर बाई होती. तिने केस सुकवून घेता घेता धाकटीच्या डोक्यात खूळ भरलं.

"वेळा ठरवायचा छोटासा प्रोग्राम तूच बनव की. अडलीस तर मला विचार."

धाकटी हात धुऊन त्याच्या मागे लागली. चुकली, रडकुंडीला आली, पण प्रोग्राम चालला. आजूबाजूच्या सलूननीही तो मागून नेला. पुढे त्या बाईच्याच कंपनीने तिला बोलावून घेतलं.

"जा," ताई म्हणाली. "आणि मागे वळून बघू नकोस, नाहीतर मी रडेन."

कंपनीतलं काम धाकटीला मनापासून आवडे. अडलेला कोड सुटला की कुणालातरी टाळी द्यावीशी वाटे, पण सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. शेजारी बसणारा माणूससुद्धा मेसेज पाठवी. सासूशी अबोला धरलाय, लेक घर सोडून गेली, असलं काही तिला आता कुणी सांगत नसे. बोटं दिवसभर चालत, पण कुणाच्या डोक्याला हात लागत नसे.

एका सुट्टीला ती सलूनमध्ये गेली. तिच्या जागी एक नवी, चटपटीत मुलगी होती. धाकटीने बाह्या सरसावल्या. "ताई, एखादं डोकं धुऊ?"

"नको गं, गिऱ्हाइकांना आता हिच्या हाताची सवय झालीय," ताई सहज बोलून गेली. मग बहिणीचा उतरलेला चेहरा पाहून तिने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तू बस. केसांचं काय घरटं करून ठेवलंयस!"

कोमट पाणी, ताईची बोटं. पलीकडे कुणीतरी नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करत होतं आणि सगळ्या खिदळत होत्या. धाकटी डोळे मिटून ऐकत राहिली.

"परत यावंसं वाटतं?" ताईने हळूच विचारलं.

"येणार नाही. ते काम सोडवत नाही," धाकटी म्हणाली. "पण वाटतं गं. रोज वाटतं."

 ताईने गरज नसताना पुन्हा एकदा केसांना शाम्पू लावला.