दोन डाव्या बाह्या

“ताई, कागद उलटवायचा राहिला,” काजवाली म्हणाली.

ताईने मान वर केली नाही. तिच्या डाव्या तळव्याखाली बाहीचा कागदी नमुना होता, उजव्या हातात खडू. एक बाही कापून झाली होती. दुसरीसाठी तिने कागद नुसताच बाजूला सरकवला होता. कापड एकेरी अंथरले असले की दुसऱ्या बाहीसाठी कागद पालथा घालायचा, हे या शिवणखोलीत केर काढणाऱ्या बाईलाही ठाऊक होते.

“चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच.”

काजवालीने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. “बाही. दोन तुकडे. कापड सुलटं, कागद सुलटा.” तिने पुन्हा एकदा वाचले. “अगं, हे धाकटीचं चुकलंय. दोन्ही डाव्याच निघतील की!”

“निघू देत.”

“दोन डाव्या बाह्यांचा कोट घालणार कोण?”

“खुर्चीला मोजे घातले तेव्हा विचारलंस का, घालणार कोण म्हणून?”

काजवाली हसली आणि हसता हसता थांबली. काजे करता करता तिची वीस वर्षे या टेबलाच्या टोकाला गेली होती, आणि ताईची कात्री चुकीच्या रेघेवर चाललेली तिने कधी पाहिली नव्हती.

“भांडलात का गं दोघी?”

“भांडायला तिला वेळ कुठंय,” ताई म्हणाली, आणि कात्री कापडात शिरली.

शिवणखोली वरच्या मजल्यावर होती आणि खाली दुकान होते. त्या दुकानात गरजेची वस्तू मिळत नसे. तिथे बूट घातलेली किटली मिळे, उलटे चालणारे घड्याळ मिळे, थंडी वाजल्यासारखा स्वेटर पांघरून बसलेला दिवा मिळे. लोक येत, हसत, एकमेकांना बोलावून दाखवत आणि घेऊन जात. दाराशीच रस्त्याकडे तोंड केलेले एक काचेचे कपाट होते, माणूस आत उभा राहू शकेल एवढे मोठे. वर्षभरात जे सर्वांत नवलाचे ठरे, ते त्या कपाटात जाई आणि खाली पितळी पाटीवर ते ज्याला सुचले त्याचे नाव कोरले जाई. ताईला या खोलीत सव्वीस वर्षे झाली होती. गेल्या सहा वर्षांत त्या पाटीवर तीन वेळा एकच नाव आले होते, आणि ते तिच्या पाठच्या बहिणीचे होते.

धाकटी इथे चिकटली ती ताईच्याच शब्दावर. पहिल्याच दिवशी तिने जिन्यातून “ताई!” अशी हाक मारली आणि ती साऱ्या इमारतीने उचलली. काजवालीची ती ताई झाली, झाडणारीची झाली, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या मालकांचीही झाली. तिचे स्वतःचे नाव हजेरीपटावर तेवढे उरले. कधीकधी सही करताना ते तिला दुसऱ्या कुणाचे वाटे.

धाकटीच्या चित्रांत वारा असे, शरीर नसे. तिने काढलेल्या गळ्यातून डोके जात नसे. तिच्या झग्यात बसायची सोय नसे. खुर्चीला लावलेले कान पुढे एवढे जड की खुर्ची नाकावर पडावी. ताई यातले सगळे मुकाट्याने दुरुस्त करी. इथे दोन बोटे सोडायची, तिथे एक चुणी घालायची, एखाद्या शिवणीच्या पोटात शिशाचा तुकडा दडवायचा. कपाटात जे जे दिमाखात उभे राहिले, ते ताईने दिलेल्या तोलावर उभे राहिले. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. न सांगण्यात एक छुपी मालकी होती, आणि कितीतरी वर्षे तेवढी तिला पुरत आली होती.

पंधरा दिवसांपूर्वी ती पुरेनाशी झाली.

आईचा उजवा हात लुळा पडल्यापासून ताई तिच्यासाठी एक सदरा शिवत होती. उसवत होती, पुन्हा शिवत होती. एका हाताने घालता यावा, एका हाताने मिटता यावा, आणि तरी आजाऱ्याचा दिसू नये असा. त्याची उघडायची कड डाव्या खांद्यावरून तिरकी उतरत कमरेशी येत होती आणि आतल्या बाजूला बोटभर पट्टीत बारीक लोहचुंबक दडवलेले होते. डाव्या हाताने कापड नुसते सोडले तरी ते आपल्या जागी जाऊन मिटे. पहिल्या दिवशी आईने तो सात वेळा उघडला आणि सात वेळा मिटला, आणि मग म्हणाली, “आता मला कुणाची वाट बघायला नको.”

तो सदरा ताईने मालकांसमोर ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याकडे स्वतःची वस्तू घेऊन गेली होती. मालक भले गृहस्थ. त्यांनी सदरा उलटसुलट पाहिला, चुंबकांचा चट् चट् आवाज दोनदा ऐकला आणि मनापासून हसले.

“ताई, अहो, फार उपयोगी आहे हो हे.”

“हो.”

“तीच तर अडचण आहे. उपयोगी म्हटलं की माणूस लगेच गंभीर होतो. आपल्याकडे लोक चकित व्हायला येतात. यंदा धाकटीचा कोट बघा, काय कल्पना आहे! दोन अंगांचा, बाहेरून शेवाळी, आतून हळदी. तुम्हीच कापा हं, दुसऱ्या कुणाचा हात नको त्याला.”

मत्सर ताईला नवा नव्हता. तो तिच्याकडे असायचा, जसा शिवणाऱ्याच्या बोटाला घट्टा असतो. सुई टोचली तरी कळू नये एवढ्यापुरता. पण त्या दिवशी सदऱ्याची घडी घालून जिना चढताना घट्ट्याखालचे मांस जागे झाले. धाकटीचा कोट टेबलावर आला, तिने चिठ्ठीतली चूक पहिल्याच नजरेत पाहिली आणि तिला एकदम हलके वाटले. काहीही करायचे नव्हते. जे सहा वर्षे केले, तेवढे एकदा करायचे नव्हते.

कपाटासाठीच्या निवडीच्या दिवशी खालच्या दिवाणखान्यात मालक होते, दोन भागीदार होते, आणि दूरवरच्या दुकानांसाठी माल निवडणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या गळ्यात चष्म्यांच्या दोन साखळ्या होत्या आणि चेहऱ्यावर कशाचेच नवल नव्हते. ताई भिंतीला टेकून उभी होती. मनगटावर टाचण्यांची गादी. कोट अंगात चढवण्यासाठी आणलेली मुलगी पडद्याआड कुजबुजली, “अहो, हात जात नाहीये नीट.” धाकटी म्हणाली, “जाईल गं, नवं कापड आहे.”

मुलगी बाहेर आली.

डावा हात सरळ होता. उजव्या बाहीच्या कोपराचा बाक मात्र पुढे असायचा तो मागे गेला होता. कापडाच्या ओढीने मुलीचा हात कमरेमागे वळला होता, तळवा उघडा, बोटे थोडी पसरलेली. मुलीने तो पुढे आणायचा प्रयत्न केला. शेवाळी कापड खांद्यावर ताणले आणि हात पुन्हा मागे गेला.

ताईने धाकटीकडे पाहिले. या क्षणासाठी ताई आठवडाभर नीट जेवली नव्हती. धाकटीचा चेहरा कानांपर्यंत पांढरा पडताना तिला दिसला. धाकटीची नजर बाहीवर गेली, खांद्याच्या शिवणीवर गेली आणि तिथून थेट भिंतीपाशी आली. तिला समजले होते.

“हा हात असा का?” साखळ्यांच्या बाईंनी विचारले.

धाकटीने ओठ ओले केले. “लहानपणी,” ती म्हणाली आणि थांबली. “लहानपणी रस्ता ओलांडताना माझी बहीण पुढे असायची. मागे न बघता हात असा मागे करायची. मी धरीन, हे तिला माहीत असायचं. मी तिला पाठीकडूनच जास्त ओळखते. हा कोट... म्हणजे, आपल्यामागे कुणीतरी आहे असं वाटायला लावणारा कोट.”

साखळ्यांच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्या उठल्या, मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्या उघड्या तळव्याकडे पाहत राहिल्या. “हे कपाटात हवं,” त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

मालकांनी टाळी वाजवली. ताईच्या मनगटावरची गादी जड झाली. धाकटी खोटे बोलली असती तर बरे झाले असते. पण तो रस्ता खरा होता, तो हातही खरा होता. ताई तो विसरून गेली होती. तिचा राग धाकटीने सर्वांदेखत उचलला, झटकला, आणि त्याचे अस्तर बाहेर काढून दाखवले. इतके सुंदर अस्तर आपल्या मालकीचे होते, हे ताईला भर सभेत, दुसऱ्याच्या तोंडून कळले. आपल्याला सुचले असते तर? आपल्याला ते का सुचले नाही?

दुपारी शिवणखोलीत धाकटी आली. काजवालीने दोघींकडे पाहिले आणि “चहा बघते” म्हणून निघून गेली.

“ताई.”

“हं.”

“तुला दिसलं नव्हतं?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“तू लिहिलंस तसं कापलं.”

धाकटी स्टुलावर बसली. टेबलावरची एक टाचणी उचलून तिने ती दुसऱ्या जागी ठेवली. “म्हणजे मी तोंडावर पडावं म्हणून.”

ताई कात्रीला तेल देत होती.

“याआधी किती वेळा चुकले मी?”

“मोजलं नाही.”

“थापा मारू नकोस. तू दोऱ्याची टोकंसुद्धा मोजतेस.”

“दर वेळी,” ताई म्हणाली.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा कर्णा वाजवला. धाकटीने मान हलवली, जणू कुणी तिला वेळ सांगितली होती.

“पाटीवर तुझं नाव घालू. दोघींची. मी आत्ता जाऊन मालकांना सांगते. सगळं सांगते, किटलीपासून.”

“नको.”

“का नको? हवं होतं ना तुला? सदरा दाखवलास तेव्हा मी दाराबाहेरच होते. मालक हसले ते ऐकलं मी.”

ताईचा तेलाचा हात थांबला. “मग आत का नाही आलीस?”

धाकटीने वर पाहिले नाही. तिचा आवाज बारीक झाला, घरातला झाला. “चट् आवाज ऐकला. लगेच कळलं काय केलंयस ते. मी आत आले असते तर मला म्हणावं लागलं असतं, की हे माझ्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे. ते मला म्हणवेना. म्हणून जिन्यावर जाऊन उभी राहिले.”

ताईला वाटले, आपण रडू किंवा हिला एक ठेवून देऊ. यातले काहीच झाले नाही. फक्त एवढे कळले की तो घट्टा हिच्याही बोटाला आहे.

“पाटीवर काय लिहिणार?” ताई अखेर म्हणाली. “मी एकदाच काम केलं नाही, म्हणून माझं नाव? सहा वर्षं केलं त्याचं नाव नाही झालं, आणि न केल्याचं होणार? नको. चूक तुझी आहे, नाव तुझंच राहू दे.”

“असं बोलू नकोस ना गं.”

“टोचायला म्हणत नाही. कात्री माझी आहे. ती कशावर सही करेल हे मला ठरवू दे.”

धाकटी उठली. दारापाशी जाऊन ती वळली. “तो सदरा मला देशील? चित्र काढायला नाही. नुसता बघायला.”

“आईच्या अंगात आहे. घरी येऊन बघ.”

धाकटीने मान डोलावली. ती येईल की नाही, हे त्या डोलावण्यावरून कळले नाही.

चार दिवसांनी कोट कपाटात चढला. बिनहाताच्या लाकडी पुतळ्यावर घालून बाह्यांत कापूस भरला होता. दुकान उघडायच्या आधी मालक जिन्याशी येऊन म्हणाले, “ताई, उजवा खांदा जरा ओढल्यासारखा दिसतोय. बघता का? बाहेर काढू नका, आतच जाऊन काय ते करा.”

ताई सुई-दोरा घेऊन कपाटात शिरली. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदाच काचेच्या या बाजूला आली होती. आत लाकडाला केलेल्या पॉलिशचा वास होता आणि बाहेरचा रस्ता आवाजाशिवाय चालला होता. पाटी समोर होती, पण तिचे तोंड रस्त्याकडे होते. आतून ती कोरी दिसत होती.

चूक कुठे आहे हे तिला पाहताक्षणी कळले. बाही चुकीची होतीच, पण अर्धवट चुकीची होती. ती खांद्याला सरळ बाहीसारखी जोडली होती, म्हणून मागे जाताना अवघडत होती. ताईने पुतळ्यामागे गुडघे टेकले, काखेखालची शिवण चार बोटे उसवली, बाही अर्ध्या बोटाने आणखी मागे फिरवली आणि बारीक टाके घालू लागली. आता खांदा सैल पडला. हात ओढून नेल्यासारखा वाटेना, आपणहून मागे गेल्यासारखा वाटू लागला. असा टाका धाकटीला या जन्मी जमला नसता, आणि काचेबाहेरून तो कुणाला दिसणारही नव्हता.

फुटपाथवर एक बाई थांबली. तिने कोट पाहिला, वाकून पाटी वाचली, मग मागे गुडघ्यावर बसलेल्या बाईकडे तिची नजर गेली. हाही मांडणीचाच भाग असावा, अशा कौतुकाने ती किंचित हसली आणि पुढे गेली.

गाठ मारून झाली. कात्री ताई वर विसरून आली होती. दोरा दातांनी तोडण्यासाठी तिने मान वाकवली, तेव्हा कापसाने भरलेल्या बाहीचे टोक तिच्या खांद्यावर येऊन टेकले. ती क्षणभर तशीच राहिली, ओठांत दोरा धरून. मग तिने दोरा तोडला.